भूमिगत इंधनटाकी : परवाना, गळती आणि शुद्धीकरणाचा निधी

नवी दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकापासून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या प्रशस्त रस्त्याचे नाव कोपर्निकस मार्ग असे आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे मत सोळाव्या शतकात मांडणाऱ्या थोर ज्योतिर्विदाचे स्मरण त्या नावाने ठेविले आहे. दिल्लीस जाणाऱ्या मराठी माणसास हा रस्ता अपरिचित नाही. कारण जुने महाराष्ट्र सदन ह्याच रस्त्यावर आहे. ह्याच रस्त्यावर फरीदकोट हाऊस नावाची एक वास्तू असून तेथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे प्रधानपीठ बसते. वृत्तपत्रे ज्यास हरित लवाद म्हणतात तेच हे न्यायाधिकरण होय. २०१० च्या अधिनियमान्वये १८ ऑक्टोबर २०१० रोजी ते स्थापन झाले. हवा, पाणी, अरण्ये व एकूण पर्यावरण ह्यांसंबंधीचे दिवाणी स्वरूपाचे वाद तेथे चालतात. पृथ्वीच्या गतीचा विचार करणाऱ्याच्या नावाच्या रस्त्यावर आता पृथ्वीच्या आरोग्याचा विचार चालतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

अशा न्यायासनापुढे येऊ शकणारा एक प्रश्न आपण ह्या पाठासाठी घेऊ. समजा, एका गावातील विहिरीच्या पाण्यास एके दिवशी पेट्रोलचा वास येऊ लागला. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर मोटारींना इंधन देणारा पंप आहे. पंपाच्या मालकास विचारता तो आपला परवाना पुढे करतो. परवाना खरा आहे, त्याची मुदतही संपलेली नाही. जमिनीवर तेल सांडल्याची खूण कोठेही दिसत नाही. मग विहिरीत तेल आले कोठून? परवाना असलेला मनुष्य जबाबदार कसा? आणि जमिनीत मुरलेले तेल काढून विहीर पुन्हा पिण्याजोगी करावयाची, तर त्याचा खर्च कोणी द्यावयाचा? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे रसायन, भूविज्ञान आणि विधी ह्या तीन शास्त्रांत विखुरलेली आहेत. ती येथे एकत्र पाहू.

१. जमिनीखालची टाकी

पंपावर गेलेल्या मनुष्यास फक्त इंधन मोजून देणारे यंत्र दिसते. इंधनाचा साठा त्याच्या पायांखाली असतो. पोलादी पत्रे जोडून केलेल्या आडव्या नळकांड्यासारख्या टाक्या जमिनीत पुरून त्यांभोवती वाळू भरलेली असते. एकेका टाकीत सामान्यतः काही हजार ते वीस हजार लिटर वा त्याहूनही अधिक इंधन राहते. टाकी भरण्याची एक नळी, इंधन यंत्राकडे नेणारी दुसरी नळी, आणि टाकीतील वाफेस वाट देणारी तिसरी उंच नळी अशी तिची रचना असते. पंपाच्या आवाराच्या एका कडेला उभ्या असलेल्या ज्या बारीक उंच नळ्या आपणांस दिसतात, त्या ह्या टाक्यांच्या नासिका होत.

टाकी जमिनीखाली ठेवण्याचे कारण उघड आहे. पेट्रोलची वाफ ठिणगी मिळताच पेट घेते. जमिनीखाली ऊन लागत नाही, वाहनाची धडक बसत नाही, जवळपासची आग पोहोचत नाही. म्हणजे आगीच्या दृष्टीने पाहता टाकी पुरणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. परंतु जी वस्तू डोळ्यांआड जाते तिचा दोषही डोळ्यांआड जातो. आगीपासून मिळालेल्या संरक्षणाची किंमत अशी की, टाकीस छिद्र पडले तरी ते कोणास दिसत नाही.

२. पोलाद का झिजते

ओल्या जमिनीत पोलाद गंजते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु टाकीचा गंज सर्वत्र सारखा पसरत नाही. जमिनीतील ओलावा व त्यात विरघळलेले क्षार ह्यांमुळे माती विद्युद्वाहक बनते. टाकीच्या पृष्ठभागावरील एक भाग धनाग्र व दुसरा भाग ऋणाग्र होऊन एक लहानसा विद्युत्‌घट तयार होतो. धनाग्राच्या ठिकाणी लोखंडाचे अणू विद्युद्भारित होऊन मातीत निघून जातात. एकाच जागी असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे उर्वरित टाकी धडधाकट असतानाही त्या जागी सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते.

ह्यावरील उपायही विद्युत्‌रसायनातूनच निघाला. सर हम्फ्री डेव्ही ह्यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तळास मढविलेले तांबे समुद्राच्या पाण्यात झिजू नये म्हणून त्यास लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. अधिक क्रियाशील धातू स्वतः झिजतो व दुसऱ्यास राखतो, असे त्यांस आढळले. ह्याच तत्त्वावर पुरलेल्या पोलादी टाकीस तारेने मॅग्नेशियमचे वा जस्ताचे ठोकळे जोडतात. ठोकळे झिजतात, टाकी टिकते. ठोकळे संपले की मात्र संरक्षणही संपते. म्हणून ठरावीक काळाने विद्युत्‌दाब मोजून पाहावा लागतो. टाकीवर डांबराचे वा इतर पदार्थाचे लेपन करणे, अथवा टाकीच काचतंतूयुक्त प्लॅस्टिकची करणे हे अन्य उपाय होत.

३. एका थेंबाचे गणित

आता एक लहानसे गणित करू. टाकीतून दर सेकंदास फक्त एक थेंब गळतो असे समजा. सुमारे वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे दिवसास ८६,४०० थेंब, अर्थात ४,३२० मिलिलिटर किंवा ४.३२ लिटर. महिन्यास सुमारे १३० लिटर आणि वर्षास सुमारे १,५७७ लिटर इंधन जमिनीत जाईल.

एवढे इंधन नाहीसे झाले तर पंपाच्या हिशेबात ते दिसणार नाही काय? येथेच खरी अडचण आहे. टाकीतील साठा मोजण्याची जुनी रीत म्हणजे खुणा केलेली काठी टाकीत सोडून ओला भाग पाहणे. काठी एक-दोन मिलिमीटर चुकीची वाचली तरी मोठ्या टाकीत कित्येक लिटरांचा फरक पडतो. शिवाय पेट्रोल उष्णतेने प्रसरण पावते; तापमान एक अंश सेल्सिअसने बदलले तर त्याचे आकारमान सुमारे हजारात एक भागाने बदलते. उन्हातून आलेल्या टँकरमधील २०,००० लिटर पेट्रोल जमिनीखालच्या थंडाव्यात पाच अंशांनी निवले, तर गळती मुळीच नसताना सुमारे १०० लिटर कमी भरते. ह्या चढउतारात दिवसाचे सव्वाचार लिटर सहज लपून जातात.

अमेरिकेतील नियमांनी ह्या अडचणीस आकडे दिले आहेत, ते पाहण्यासारखे आहेत. तेथे नोंदवहीच्या पद्धतीत महिन्याच्या विक्रीचा एक टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे सुमारे ४९२ लिटर, इतकी तफावत चालू शकते. त्यापुढे गेल्यास गळतीचा संशय धरावयाचा. आपल्या थेंबाचे महिन्याचे १३० लिटर ह्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. टाकीची घट्टपणाची जी विशेष चाचणी तेथे करतात तिने ताशी ०.१ गॅलन, म्हणजे सुमारे ०.३८ लिटर, इतकी गळती ओळखता आली पाहिजे असा दंडक आहे. ही गळती सेकंदास सुमारे दोन थेंबांएवढी होते. सेकंदास एक थेंब गळणारी टाकी ह्या चाचणीतूनही निसटू शकेल!

म्हणूनच तेथे नोंदवहीची पद्धत नव्या टाकीच्या पहिल्या दहा वर्षांपुरती आणि तीही घट्टपणाच्या चाचणीच्या जोडीनेच चालत असे. ११ एप्रिल २०१६ नंतर बसविलेल्या टाक्यांना तर दुहेरी आवरण आवश्यक केले आहे. आतील भिंतीस छिद्र पडले तर इंधन दोन भिंतींमधील पोकळीत उतरते आणि तेथील संवेदक सूचना देतो. इंधन मातीस स्पर्श करण्यापूर्वीच दोष कळतो, हे ह्या रचनेचे मर्म होय.

४. भूमीच्या पोटात

जमिनीत गेलेला थेंब प्रथम मातीच्या कणांमधील फटींतून खाली उतरतो. काही भाग कणांना चिकटून राहतो, काही भाग वाफ होऊन मातीतील हवेत मिसळतो. ही वाफ तळघरांत वा गटारांत साठून स्फोटास कारण होऊ शकते. उरलेला भाग भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचतो. पेट्रोल पाण्याहून हलके आहे; म्हणून ते भूजलावर साय धरावी तसे पसरते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते, उन्हाळ्यात ती खाली जाते. तीबरोबर हा तेलाचा थरही वरखाली होऊन मातीचा आणखी एक जाड पट्टा माखून टाकतो.

पेट्रोलमधील काही घटक पाण्यात थोडेफार विरघळतात. त्यांत बेंझीन सर्वांत चिंताजनक आहे. कारण दीर्घकाळ पोटात गेल्यास ते रक्ताच्या कर्करोगास कारण होते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरास ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक बेंझीन असू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आज भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये आकारमानाने जास्तीत जास्त एक टक्का बेंझीन चालते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, अर्थात वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. हे सारे पाण्यात मिसळले असे मानल्यास सुमारे पावणेनऊ लक्ष लिटर पाणी त्या मर्यादेस पोहोचेल. प्रत्यक्षात सगळे बेंझीन विरघळत नाही. काही उडून जाते, काही जमिनीतील जीवाणू खातात. तथापि एक लिटर पेट्रोल ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, इतके ह्या गणितावरून समजते.

जमीन कोणत्या जातीची आहे ह्यावरही पुष्कळ अवलंबून असते. यमुनेकाठच्या गाळाच्या जमिनीत पाणी बहुतेक एकसारखे झिरपते. तेलाचा माग भूजलाच्या प्रवाहाच्या दिशेने काढता येतो. महाराष्ट्राची सुमारे चारपंचमांश भूमी मात्र काळ्या बेसाल्ट पाषाणाची आहे. येथे पाणी वरच्या मुरमातून आणि खालच्या कातळातील सांध्या-भेगांतून वाहते. भेग जिकडे जाईल तिकडे पाणी जाते. त्यामुळे पंपालगतची विहीर निर्मळ राहून दूरच्या विहिरीस तेलाचा वास येणे अशक्य नाही. अशा भूमीत गळतीचा उगम सिद्ध करणे कठीण आणि शुद्धीकरण त्याहून कठीण होते.

टाकीतून तेल निसटते कसे, हे तेलवाहिन्यांच्या उदाहरणावरूनही दिसते. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये घरांच्या विंधणविहिरींच्या पाण्यात तेल आढळू लागले. भूमिगत तेलवाहिनीतील गळती हे त्याचे कारण ठरले. वाहिनी असो की टाकी, भूमीच्या पोटातील छिद्राची पहिली वार्ता बहुधा पाणी पिणारा मनुष्यच देतो. ही वार्ता त्याच्या आधी मिळावी, ह्यासाठी परवान्याची व्यवस्था असावयास हवी.

५. परवाना : आगीच्या भयातून जन्मलेला

भारतात इंधनाच्या साठ्याचे नियमन पेट्रोलियम अधिनियम, १९३४ व त्याखालील पेट्रोलियम नियम, २००२ ह्यांनुसार होते. ह्या नियमांचा अंमल करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे, ही गोष्ट मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८९८ मध्ये विस्फोटक विभाग म्हणून ह्या संस्थेचा आरंभ झाला.

अधिनियम तेलांची विभागणी प्रज्वलनांकावरून करतो. ज्या तापमानास तेलाची वाफ ज्योत दाखविताच क्षणभर पेटते ते तापमान म्हणजे त्या तेलाचा प्रज्वलनांक. तो २३ अंश सेल्सिअसहून कमी असल्यास तेल ‘अ’ वर्गाचे. २३ ते ६५ अंशांच्या दरम्यान असल्यास ‘ब’ वर्गाचे. आणि ६५ ते ९३ अंशांच्या दरम्यान असल्यास ‘क’ वर्गाचे. पेट्रोल ‘अ’ वर्गात पडते, डिझेल व रॉकेल सामान्यतः ‘ब’ वर्गात. विक्रीसाठी नसलेले ‘अ’ वर्गाचे तेल ३० लिटरपर्यंत परवान्यावाचून ठेवता येते. ‘ब’ वर्गाचे तेल २,५०० लिटरपर्यंत ठेवता येते, मात्र कोणतेही एक पात्र १,००० लिटरहून मोठे असता कामा नये. वीज गेल्यावर चालणाऱ्या डिझेल जनित्रांच्या टाक्या पुष्कळदा ९९० लिटरच्या का असतात, ह्याचे उत्तर ह्या नियमात सापडेल.

मोटारींना इंधन देणाऱ्या पंपास नियमांतील चौदाव्या नमुन्याचा परवाना लागतो. त्यासाठी जागेचा व टाक्यांचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो; जिल्हा प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते; टाकी बसविल्यावर तिची चाचणी होऊन सुरक्षिततेचा दाखला मिळवावा लागतो. मग परवाना मिळतो. परवान्याच्या अटी मोडल्या तर तो निलंबित वा रद्द होऊ शकतो.

ही व्यवस्था काटेकोर आहे. परंतु तिची दृष्टी कोणत्या संकटाकडे लागलेली आहे, हे पाहिले पाहिजे. वर्गीकरण प्रज्वलनांकावरून, अंतरे आगीच्या भयावरून. अपघाताची खबर देण्याचे जे कर्तव्य १९३४ च्या अधिनियमाने घातले आहे, तेही मुख्यतः तेल वा त्याची वाफ पेटून झालेल्या हानीसंबंधी आहे. सेकंदास एक थेंब मातीत जाणे ही आग नव्हे. पेट घेण्याच्या दृष्टीने डिझेल पेट्रोलहून पुष्कळ सौम्य. पण विहिरीत उतरलेले डिझेल काही सौम्य नसते. विहिरीवरील संकटास ह्या जुन्या मोजपट्टीत अंक नाही.

६. पाण्याच्या भयाचा कायदा

ही उणीव पुढील काळात निराळ्या कायद्यांनी भरून काढली. पाणी अधिनियम १९७४ मध्ये आला. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर पर्यावरण संरक्षण अधिनियम, १९८६ आला. त्याच्या नवव्या कलमाप्रमाणे अपघाताने वा अनपेक्षित घटनेने मर्यादेबाहेर प्रदूषक द्रव्य बाहेर पडले, किंवा पडण्याची भीती असली, तर जबाबदार व्यक्तीने ते रोखले पाहिजे व ताबडतोब अधिकाऱ्यांस कळविले पाहिजे. शासनास उपाय करावे लागले तर त्याचा खर्च व्याजासह जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो.

ज्याने प्रदूषण केले त्याने भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बिछडीच्या प्रकरणात ठामपणे लागू केले. राजस्थानात उदयपूरजवळील ह्या गावी रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी बिघडले होते. शुद्धीकरणाचा खर्च कारखानदारांनीच द्यावा, असा निर्णय झाला. परंतु पुढे काय झाले? वाद चालतच राहिला, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सुमारे ३७ कोटी ३८ लक्ष रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. दोन आदेशांमध्ये पंधरा वर्षे गेली. तत्त्व निर्विवाद असले तरी पैसा वेळेवर येतोच असे नाही, आणि विहीर तोवर थांबत नाही.

२०१० च्या अधिनियमाने हरित न्यायाधिकरणास भरपाई देण्याचा, तसेच बिघडलेले पर्यावरण पूर्ववत करविण्याचा अधिकार दिला. निर्णय देताना सावधगिरीचे तत्त्व व प्रदूषकाने भरपाई करावी हे तत्त्व लावणे त्यावर बंधनकारक आहे. अपघाताच्या प्रकरणी मालकाची चूक सिद्ध झाली नाही तरीही त्याची जबाबदारी राहते. म्हणून आपल्या उदाहरणातील पंपमालकाने परवाना दाखविला एवढ्याने तो सुटत नाही. साठा करण्याची अनुज्ञा परवान्याने मिळते. विहीर बिघडविण्याची मिळत नाही. भरपाईसाठी अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. महाराष्ट्र व गोव्यातील नागरिकांस त्यासाठी दिल्लीस जाण्याचे कारण नाही. पश्चिम विभागाचे पीठ पुण्यास आहे.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. न्यायाधिकरण ज्या अधिनियमांखालील प्रश्न ऐकते त्यांची यादी अधिनियमास जोडलेली आहे. तीत पाणी, हवा, वन, पर्यावरण इत्यादींचे अधिनियम आहेत. पेट्रोलियम अधिनियम नाही. परवान्याचे दार एक आणि प्रदूषणाच्या तक्रारीचे दार दुसरे. ह्या दोन दारांमधील अंतर कमी करण्याचा एक प्रयत्न केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केला. न्यायाधिकरणाच्या आदेशास अनुसरून मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दहा वा अधिक खाटांची रुग्णालये व निवासी वस्ती ह्यांपासून नवा पंप ५० मीटर दूर असावा. अडचण असेल तेथे जादा सुरक्षा-उपाय योजावेत, परंतु ३० मीटरहून जवळ तो कदापि असू नये, असे त्यांत म्हटले आहे.

७. निधी आणि त्याची पात्रता

शुद्धीकरणास पैसा आधीच जमवून ठेवण्याची कल्पना अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर अमलात आली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत तेथे पुरलेल्या टाक्या बहुतेक उघड्या पोलादाच्या होत्या. १९८० च्या सुमारास त्या एकामागून एक गळू लागल्या. तेव्हा नियमनाखाली आलेल्या टाक्यांची संख्या सुमारे वीस लक्ष होती. १९८४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला आणि १९८६ मध्ये गळक्या टाक्यांचा विश्वस्त निधी स्थापन केला. त्यासाठी इंधनावर दर गॅलनला एक सेंटचा दहावा भाग इतका कर बसविला. विकत घेणाऱ्यास तो जाणवतही नाही. पण कोट्यवधी गॅलनांतून निधी उभा राहतो. १९८८ च्या नियमांनी जुन्या टाक्या सुधारण्यास, बदलण्यास वा बंद करण्यास २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची तारीख दिली. आजवर तेथे साडेपाच लाखांहून अधिक गळत्या निश्चित झाल्या असून त्यांतील बहुतेकांचे शुद्धीकरण झाले आहे.

हा केंद्रीय निधी प्रामुख्याने ज्या टाकीचा मालक सापडत नाही, किंवा जो खर्च करण्यास असमर्थ वा नाखूष आहे, तिच्यासाठी आहे. हजर असलेल्या मालकाने मात्र आपली ऐपत आधीच दाखवून द्यावी लागते. इंधनविक्री करणाऱ्यास दर गळतीमागे दहा लक्ष डॉलर खर्च करण्याची तजवीज विमा, हमी वा राज्याचा निधी ह्यांपैकी कशाने तरी सिद्ध करावी लागते. अनेक राज्यांनी ह्यासाठी स्वतःचे निधी उभारले. त्यांचे नियम राज्यागणिक निराळे आहेत. परंतु पात्रतेच्या अटींचा गाभा सामान्यतः सारखाच आढळतो.

पहिली अट, टाकीची नोंदणी झालेली असावी व शुल्क भरलेले असावे. दुसरी, गळती ओळखण्याच्या चाचण्या ठरल्या वेळी केलेल्या असाव्यात व त्यांच्या नोंदी जपलेल्या असाव्यात. तिसरी, गळतीचा संशय येताच विहित मुदतीत अधिकाऱ्यांस कळविलेले असावे. केंद्रीय नियमांत ही मुदत सर्वसाधारणपणे चोवीस तासांची आहे. चौथी, खर्चाचा आरंभीचा काही भाग मालकाने स्वतः सोसावा. पाचवी, शुद्धीकरणाची योजना आधी मंजूर करून घ्यावी आणि खर्चाच्या पावत्या द्याव्यात.

ह्या अटी ओळीने वाचल्या की, निधीची पात्रता ही परवान्याहून वेगळी वस्तू नाही, हे ध्यानात येते. गळतीनंतर जो प्रश्न विचारला जातो तो गळतीपूर्वीच्या वर्तनासंबंधी असतो. ज्याने वही राखली, चाचणी केली, संशय येताच तोंड उघडले, त्याच्यासाठी निधीचे दार खुले; ज्याने लपविले त्याला खर्च आपल्या खिशातून. निधीची खरी हुशारी हीच आहे. वाईट बातमी लवकर सांगण्यात मालकाचा फायदा असावा, अशी तिची बांधणी आहे. मागील गणितातील एका थेंबास कोणतेही यंत्र हमखास पकडीत नसेल, तर संशय लपवू न देणारी व्यवस्था हाच दुसरा पहारा उरतो.

८. आपल्याकडील स्थिती

भारतात पंपमालकास शुद्धीकरणाचा खर्च देणारा असा स्वतंत्र टाकी-निधी नाही. सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, १९९१ अन्वये ठरावीक प्रमाणाहून अधिक घातक द्रव्ये हाताळणाऱ्यास विमा उतरवावा लागतो, आणि हप्त्याबरोबर पर्यावरण मदत निधीतही वर्गणी भरावी लागते. हा निधी मूलतः अपघाताची झळ पोहोचलेल्या लोकांस मदत देण्यासाठी आहे. पर्यावरणाच्या हानीबद्दल हरित न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम २०१० च्या अधिनियमाच्या चोविसाव्या कलमान्वये ह्याच निधीत जमा होते. म्हणजे अमेरिकेतील राज्य-निधीत मालक हा पैसे मागणारा असतो. आपल्याकडील निधीत तो मुख्यतः पैसे भरणारा असतो. हा फरक विसरता कामा नये.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले. संशयित स्थळांची माहिती जिल्हा प्रशासनाने गोळा करावी, राज्य मंडळाने त्यांची तपासणी करावी, शुद्धीकरणाचा खर्च जबाबदार व्यक्तीने सोसावा, आणि अशी व्यक्ती सापडत नसेल वा असमर्थ असेल तर शासनाने व्यवस्था करावी, अशी त्यांची दिशा आहे. बिछडीच्या पंधरा वर्षांनी शिकविलेला धडा येथे नियमाच्या रूपाने उमटू लागला आहे.

आता आपल्या विहिरीकडे परत येऊ. तेल आले कोठून? गंजाने पडलेल्या, कोणास न दिसणाऱ्या छिद्रातून. परवानाधारक जबाबदार कसा? परवाना आगीचा विचार करून दिलेला आहे. पाण्याची जबाबदारी निराळ्या कायद्याने त्याच्यावर आहे, आणि ती चुकीवर अवलंबून नाही. खर्च कोणाचा? त्याचाच. पदरी निधी नसल्यामुळे मालकाच्या हाती दोनच गोष्टी उरतात : गळू न देणारी टाकी आणि प्रामाणिक नोंदवही. गावकऱ्यांच्या हाती उरतात त्या अशा : वास येताच पाणी पिणे थांबविणे, नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे, जिल्हाधिकारी व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ह्यांस लेखी कळविणे आणि त्या पत्राची प्रत जपून ठेवणे.

सेकंदास एक थेंब, एवढीच ही गोष्ट आहे. तो थेंब पहिल्या महिन्यात सापडला तर गवंडी व लोहार ह्यांचे काम. दहाव्या वर्षी सापडला तर भूवैज्ञानिक, वकील व न्यायाधीश ह्यांचे. परवाना आणि निधी ह्या दोहोंचा हेतू एकच आहे : तो थेंब पहिल्या महिन्यात सापडावा.

विचारार्थ प्रश्न

१. दर दोन सेकंदांस एक थेंब गळल्यास पाच वर्षांत किती लिटर इंधन जमिनीत जाईल?

२. ३० अंशांवर भरलेले १५,००० लिटर पेट्रोल २६ अंशांपर्यंत निवल्यास सुमारे किती लिटर कमी भरेल? ही घट व गळती ह्यांतील फरक कसा ओळखाल?

३. पोलादी टाकीस तांब्याचा ठोकळा जोडल्यास तिचे रक्षण होईल काय? कारण सांगा.

४. तुमच्या गावातील पंपापासून शाळा, रुग्णालय व सार्वजनिक विहीर किती अंतरावर आहेत, ह्याचा नकाशा काढा. तेथील जमीन गाळाची आहे की कातळाची, ते नोंदवा.

५. वाईट बातमी लवकर सांगणाऱ्यास लाभ व्हावा, अशा प्रकारचा नियम आणखी कोणत्या क्षेत्रात उपयोगी पडेल?